भुलीनंतरचं दुखणं

सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात भूल द्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी वॉर्डात येतात, पेशंटच्या पोटऱ्या हलकेच दाबतात आणि विचारतात, "अंग दुखतंय का?"

एकदा साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार म्हणाले, "ऑपरेशन पोटाचं, पन सगळं अंग ठेचल्यागत झालंय. खाटच वाईट हाय तुमची."

मी नर्स, त्यांची उशी नीट करायला पुढे झाले. डॉक्टरीणबाई मात्र स्टूल ओढून बसल्या. "खाट नाही, मामा. स्नायू सैल करायला मी इंजेक्शन दिलं, त्यानं दुखतंय. दोन दिवस राहील. आधी थोडं दुसरं औषध दिलं असतं, तर बहुधा टळलं असतं. माझं राहिलं."

"मग दुखू द्या," सुभेदार म्हणाले.

पुढच्या ऑपरेशनआधी मी ते आधी द्यायचं औषध त्यांनी न सांगताच ट्रेमध्ये काढून ठेवलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, उद्या सकाळी वॉर्डात अंग दुखतंय का ते तुम्हीच विचारा."