मराठी हवा

आमच्या गाईच्या तोंडावरून वारं गेलं, एवढंच झालं होतं. पुढचा तमाशा आईच्या हिंदीने घडवला.

इकडे हिंदी मुलखात, मदन महलला, आमच्या घरामागे छोटा गोठा आहे आणि त्यात आईची ही एकच गाय. त्या सकाळी बघतो तर तिचा डावा कान पडलेला, डावी पापणी अर्धी मिटलेली, नाकपुड्या उजवीकडे ओढलेल्या. भुसा तोंडात घेतला की डाव्या बाजूने लाळेसकट खाली पडायचा. बाबा म्हणाले, "खात नसेल तर गोशाळेत देऊन टाकू." बाबांची अख्खी नोकरी फॅक्टरीत हिंदी बोलण्यात गेली, घरीही ते हे हिंदीतच म्हणाले. गोशाळेतल्या त्या गर्दीत हिच्या तोंडात घास कोण भरवणार होतं? आई पदराने गाईची लाळ पुसत मला म्हणाली, "डॉक्टरले फोन लाव." मी लावला. दुपारी येतो म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या दीदींनी भिंतीवरून विचारलं, "क्या हुआ गैया को?" आईने मनातलं मराठी जसंच्या तसं हिंदीत ओतलं. "मुँह पर से हवा चली गई, दीदी."

आता आपल्यात वारं जाणं म्हणजे लकवा. इकडे हवा म्हटलं की भूत. आईचा जन्म इथे गेला, पण हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. दीदी ज्या गेल्या त्या झाडफूक करणाऱ्या एका महाराजांनाच घेऊन आल्या. मागून अर्धी गल्ली आली.

महाराजांनी लोबान पेटवला आणि गाईला दरडावलं, "कौन है तू?" गाईने एक डोळा अर्धवट मिटून त्यांच्याकडे पाहिलं. "आँख मार रही है," मागून कोणीतरी म्हणालं. महाराजांनी नाव विचारलं, गाव विचारलं, काय हवं तेही विचारलं. गाय लाळ गाळत राहिली. शेवटी घाम पुसत त्यांनी जाहीर केलं, "ये हवा मराठी है. हिंदी नहीं समझती." आणि दुभाषी म्हणून आईला पुढे केलं. "पूछो, क्यों सता रही है."

मला हसू आवरेना. वाटलं, आता आई सगळ्यांना हाकलणार. पण ती खरंच गाईसमोर जाऊन उभी राहिली.

"काहून असं करून राहिली गं? खाय ना थोडं. या घरात माझ्याशी मराठीत कोणी बोलत नाही. हे दोघं हिंदीत उत्तर देतात. तू तरी ऐकते. तूही गेली तर मी बोलू कोणाशी?"

गाईने चांगला कान तिच्याकडे वळवला. "जवाब दिया," म्हणत दीदींनी हात जोडले. दोघांतली एक मी होते. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

डॉक्टर आले ते त्या धुरात खोकतच. त्यांनी गाईच्या पापणीला बोट लावलं, ती हललीच नाही. खराब चाऱ्यातून आलेला आजार चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलाय, म्हणाले. इंजेक्शनं द्यावी लागतील, डोळ्यात औषध घाला, आणि गालात अडकलेला चारा रोज हाताने काढा. "लकवा है, माताजी."

"तेच तर सकाळपासून सांगून राहिली मी, हवा," आई वैतागून म्हणाली.

आईने रोज तिच्या गालात बोटं घालून चारा काढला, हाताने घास भरवले. हळूहळू गाय खायला लागली, रवंथ करायला लागली. बाबांनी गोशाळेचं नाव काढणं सोडलं. गल्लीत अजूनही श्रेय महाराजांना जातं आणि मला त्याचा संताप येतो.

तिचा डावा कान मात्र पडलेलाच राहिला. आई आता उजव्या बाजूला बसून तिच्याशी बोलते. संध्याकाळी मीही तिथे जाऊन बसते. परवा मी आईला मराठीत म्हटलं, "आज मी भाजी बनवली."

"भाजी केली म्हणतात," आईने गाईला सांगितलं.