लवंगांचं पाणी

मंडळी, आज यिशुन भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर आले तर किचनमधून लवंगांचा वास! एमआरटी मेट्रोत झोपून पुढच्या स्टेशनला गेलेले, ते जाऊ द्या. वाटलं, कुणीतरी मसालेभात टाकलाय. ताटली घेऊनच आत घुसले.

गॅसवर नुसतं लवंगांचं पाणी. शेजारच्या खोलीतली टांझानियाची अमिना हसत सुटली. "अगं, खायचं नाही, केसांसाठी डोक्याला लावायचं! आमच्या घरी सगळ्याजणी लावतात."

पाणी निवल्यावर ती म्हणाली, "मागून लावून देशील? तिकडे बहीण लावायची."

मी भांग पाडत कापसाने लावत गेले. कधीपासून एका घरात राहतो, पण बोललो आजच.

मग ती म्हणाली, "आता तू बस."

तिची बोटं केसांत गेली. इथे परदेशात आल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हातच लागला नव्हता.

तुमच्या डोक्यावरून शेवटचा हात कुणी फिरवलाय, आठवतंय?