आप्पांसमोर ट्रंपेट शिकताना

मंडळी, आज सकाळी चाळिशीत मी ट्रंपेट शिकायला बसले. सूर राहू दे, साधा आवाजसुद्धा निघाला नाही.

आमचे आप्पा सदलग्यात बँडमध्ये तीस वर्षं ट्रंपेट वाजवायचे. दिवाळीनंतर लकव्यानं त्यांच्या तोंडाची डावी बाजू गेली. यंदा जयंतीच्या मिरवणुकीत घरचं ट्रंपेट पाहिजेच, या हट्टानं मी बेळगावच्या नोकरीतून रजा काढून आलेय.

"आधी ट्रंपेट बाजूला ठेव," आप्पा अडखळत म्हणाले. "नुसतं व्हट मिटून धर आन् मधनं वारा सोड. व्हट थरथराय पायजेत. गाल फुगवू नगंस गं."

आरसा समोर धरून मी अर्धा तास फुंकत होते. गाल फुगायचेच. हवा फुस्स करून निघून जायची. कानशिलं ठणकायला लागली.

"न्हाय जमत, आप्पा! एकदा करून दाखवा की!" मी चिडून ओरडले.

बोलून गेले आणि लई लाज वाटली. मी परत आरसा उचलला, तर माझ्या खांद्यामागं ते दिसले. लोंबणारा ओठ दोन बोटांच्या चिमटीत धरून गुपचूप फुंकत होते. बोटांवरून नुसती लाळ गळत होती.

मी आरसा पालथा ठेवला.

"जमंल गं, उद्या बघू," बाहीनं हनुवटी पुसत ते म्हणाले.

मला जमलं नाही, ते सोडा. पण आपल्याला आता जमत नाही, हे आप्पांना आज माझ्यामुळं कळलं. तुम्हीच सांगा, उद्या त्यांच्यासमोर परत बसू का?