एक मास्क कमी पडला

सौदीला निघालो त्या सकाळी अब्बांनी मला आधी खोतांच्या घरी नेलं. एसटी सुटायला अर्धा तास उरला होता, तरी. अंगणाबाहेर त्यांनी चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या. "पोरगा चाललाय, दुवा द्या," म्हणाले. खोत ओटीवरून मान हलवून मोकळे झाले.

खोती तेव्हा कधीच संपली होती. कुळकायद्यानं आमचं भाताचं शेत आमच्या नावावर झालं होतं. पण अब्बांनी इंग्रजांचा काळ पाहिला होता. शेतसारा सरकारचा, गोळा करणारा खोत. म्हणून गावात सरकार म्हणजे खोतच. आजोबा निम्मं भात त्यांना घालायचे, वर त्यांची शेतं फुकट नांगरून द्यायचे. सातबारा बदलला, अब्बांची पाठ काही सरळ झाली नाही.

चार वर्षांनी त्याच खोतांचा नातू सलीम धाहरानच्या कॅम्पात माझ्याच खोलीत आला. कफील, म्हणजे व्हिसा देणारा सौदी मालक, एक; काम एक, एसी दुरुस्तीचं. मी त्याला अरेतुरे करायचो. त्याचं फार सुख वाटायचं.

मग आखाती युद्ध लागलं. विषारी वायूच्या भीतीनं दुपारी मेसमध्ये गॅस मास्क वाटले. "एक कम है, कल आएगा," फोरमन म्हणाला. रांगेत शेवटी सलीम होता. त्यानं मागितलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. आणि मी पुढं होऊन माझा मास्क दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला. "घ्या, खोत." त्यानं घेतला. थँक्यू नाही, काही नाही. पट्टा बसतो का, ते बघू लागला.

दुसरा मास्क आलाच नाही. सायरन झाला की मी ओला टॉवेल तोंडावर दाबून बसायचो, समोर तो मास्क लावून. भीतीपेक्षा स्वतःची चीड जास्त यायची. मास्क दिला ती दया नव्हती, दोस्तीही नव्हती.

आमच्यावर काही पडलं नाही. पुढच्या सुट्टीत अब्बांना सगळं सांगितलं. वाटलं, संतापतील, निदान म्हणतील, तुला काही झालं असतं तर? त्यांचा चेहरा खुलला. "बरं केलंस. त्यांचा मान राखलास." संध्याकाळी खोतांना जाऊन सांगूनही आले.

आज अब्बा नाहीत. मी रियाधला बत्हा भागात राहतो, इकाम्यावरच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरच्या, नंबरानं ओळखला जातो. तुम्ही विचारता, गावी घर का बांधत नाहीस? माझं गाव तेच, दुसरं कुठलं असणार? पण तिथं अजून मला बघून लोक पोरांना सांगतात, ह्यानंच लढाईत आपल्या खोतांचा नातू वाचवला. कौतुकानं सांगतात.