अक्कांकडे अडकलेल्या वाट्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फ्रिज उभा आहे. पिवळाधमक, काचेच्या दाराचा, आत दिवा लागलेला. तंजावूरचा राजवाडा पाहून बाहेर पडलेले पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. तो भुकेल्यांसाठी ठेवलाय हे त्यांना कळत नाही. भुकेल्यांना मात्र नीट कळतं, म्हणून ते तिकडे फिरकत नाहीत.

हा फ्रिज माझ्या खटपटीनं आला, आणि तोही जगातली भूक मिटवायला नव्हे, एकट्या अक्कांसाठी.

अक्का आमच्या शेजारीण. दोन घरांत एकच भिंत. जन्मभर त्यांनी गल्लीतल्या मुलींना वीणा शिकवली. हल्लीच्या मुली जे काय शिकायचं ते फोनवर शिकतात. यजमान गेले, मूलबाळ नाही. मधली भिंत इतकी पातळ की अक्कांच्या कुकरच्या शिट्ट्या मी माझ्याच समजून गॅस बंद करायला धावायची. त्या शिट्ट्या आधी दिवसाआड झाल्या, मग त्याहून विरळ. एका सकाळी नळावर पाणी भरता भरता अक्का मटकन खाली बसल्या. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही, नीट जेवा म्हणाले. अक्का म्हणाल्या, उपास होता. कसला, ते मी विचारलं नाही. तेवढे उपास पंचांगातही नाहीत.

त्यांना जेवायला बोलावलं की त्यांचं जेवण झालेलं असे. डबा पाठवला की तो दारातूनच परत येई. मग मला फ्रिजची कल्पना सुचली. ज्याच्याकडे उरलं त्यानं ठेवावं, ज्याला हवं त्यानं न्यावं, कुणी कुणाला विचारू नये. अक्का संध्याकाळी देवळातून येताना हळूच काहीतरी उचलतील, इतका सोपा माझा हिशेब.

माझी भाची तिरुच्चीला घरांचे आराखडे करते. तिनं हौसेनं फ्रिजचाही केला. तिचं म्हणणं एकच, वस्तू दिसली पाहिजे. म्हणून काच, म्हणून पिवळा रंग, म्हणून बरोबर विजेच्या खांबाखाली जागा. मी म्हटलं, अगं, घेणाराही दिसेल ना. ती म्हणाली, त्यात लाजायचं काय, मावशी? लाजायचं काय ते तिला कुठून ठाऊक असणार? तिला न जेवता झोपायची वेळ कधी आलेली नाही.

पाटीचं काम गल्लीतल्या मामांनी अंगावर घेतलं. मामा सगळ्यांचेच मामा आणि आमच्या मराठीपणाचे स्वयंघोषित राखणदार. पाटी देवनागरीतच हवी म्हणून अडून बसले. गल्लीत देवनागरी वाचणारी माणसं म्हणजे ते आणि मी. बाकीचे घरात मराठी बोलतात आणि वाचतात तमिळ. परिणाम असा झाला की लोकांना ती अक्षरं मंत्राची वाटली आणि आठवड्याभरात फ्रिजला कुंकू लागलं. फूलवालीनं झेंडूची माळ घातली. एक गृहस्थ चपला काढून हात जोडताना मी डोळ्यांनी पाहिले. आतल्या इडल्या नैवेद्य म्हणून सुखरूप राहिल्या, चांगल्या आंबेपर्यंत.

दिवा असूनही अंधार तो असा. वर मंगल कार्यालयांची कृपा. आमच्याकडे लग्नात अन्न उरलं नाही तर ते पुरलं नाही असं धरतात, म्हणून उरेल एवढंच शिजवतात. मग यजमानांचा कुणी भाऊबंद ऑटोत बादलीभर सांबार घेऊन यायचा आणि सांबारासकट फोटो निघावा म्हणून घेणाऱ्याची वाट बघत उभा राहायचा. कोण येणार? सांबार शेवटी गाईपुढे. गाईची फोटोला हरकत नव्हती.

अक्का रोज फ्रिजसमोरून जात. मान ताठ, नजर समोर. मी गच्चीवरून बघत बसे आणि दात खाई.

शेवटी मी चिडले. वांग्याची रसवांगी केली, स्टीलच्या वाटीत भरली आणि वाटी हातात घेऊन थेट अक्कांच्या स्वयंपाकघरात शिरले. आज खाताय का भरवू, असं विचारायचंच ठरवलं होतं. पण आधी समोरची फळी दिसली. फळीवर माझी वाटी होती, नवरात्रातली. तिच्याशेजारी मामांच्या घरचा डबा, फूलवालीचा गडू, समोरच्या घरची ताटली. सगळं घासूनपुसून लख्ख, पालथं घातलेलं.

अक्कांनी माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलंही नाही.

"ती आधीची वाटी गेल्याशिवाय ही कशी घेऊ गे?" त्या म्हणाल्या. "आणि तीत घालू काय?"

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. हे मला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, पण वाटी भरून दे. आणि मी बावळट डब्यामागून डबे पाठवत होते. प्रत्येक डबा घेतला असता तर अक्कांच्या डोक्यावर आणखी एक भांडं चढलं असतं. फ्रिजमधलं तर त्याहून वाईट. ते परत करायला दारच नाही.

मी म्हटलं, परसात तुमचा कढीलिंब आहे, मूठभर घाला की. अक्का फणकारल्या. "जेवताना पानाच्या कडेला काढून टाकतात तो. तो देऊन मी भांडं भरलं म्हणू?"

मी वाटी घेऊन वळले. दारात पोचले तेव्हा मागून विचारणा झाली, उद्या काय करणार आहेस म्हणून. दोडका, मी म्हटलं.

"शिरा काढून टाकतेस?"

"गाईला घालते."

"गाईला सांग, दोन दिवस थांब म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी दोडक्याच्या शिरा कागदात गुंडाळून परसातल्या भिंतीवरून दिल्या. कचरा देताना भांडं लागत नाही, त्यामुळे परत करायचा प्रश्नही नाही. संध्याकाळी नवरात्रातली वाटी घरी आली. आत शिरांची चटणी, तीळ भाजून घातलेली, वर कढीलिंब तळून. अशी चटणी मी जन्मात केली नाही. मग मी रसवांगी पुन्हा नेली. अक्कांनी घेतली. मीठ जास्त झालंय म्हणाल्या. पुढे एकेक करून मामांचा डबा गेला, गडू गेला, ताटली गेली, आणि ज्या घरात भांडं भरून गेलं त्या घरातून ते भरून परत आलं.

हे भाचीला सांगायची चूक मी केली. ती मामांना घेऊन आली, सोबत शाल आणि फोटो काढणारा. चटणी बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायची, बाटलीवर अक्कांचं चित्र लावायचं, असा बेत. अक्कांनी दार लावून घेतलं ते चार दिवस उघडलं नाही. चार दिवस भिंतीपलीकडे शिट्टी नाही. मी भाचीला इतकं बोलले की ती अजून फोन करत नाही. शाल मामांनी स्वतःच पांघरली असावी. थंडीत त्यांच्या अंगावर दिसली.

पाचव्या दिवशी मी शिरांची पुडी भिंतीवर ठेवली आणि आत आले. थोड्या वेळानं पुडी गेली होती.

फ्रिज अजून चालू आहे. फूलवाली त्यात मोगऱ्याचे गजरे ठेवते, छान ताजे राहतात. आणि आमच्या घरी रोज दोडका शिजतो. हे ताटावर बसले की पानाकडे बघतात, मग माझ्याकडे. काल म्हणाले, निदान शिरा विकत मिळतात का ते बघ. मिळत नाहीत, मी चौकशी केली आहे. मी पान वाढत राहिले, कान भिंतीकडे. पलीकडे दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी होईपर्यंत मी यांना ताक वाढलं नाही.