फुसका बार
दिवाळीत एखादा फटाका नुसता फुस्स झाला की मुलं हसतात आणि मला अमेरिकेतल्या डब्लिनबाहेरची ती शूटिंग रेंज आठवते. साल दोन हजार चार असावं, तेव्हा आम्ही तिथे राहत होतो. आमच्या शेजारचे काका तळघरात स्वतः काडतुसं भरत आणि भल्यामोठ्या रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धांत उतरत. त्या दिवशीच्या पंचाच्या छातीवर इतके बिल्ले होते की गोळी त्यांतच अडली असती. काकांनी चाप ओढला तर धडाम व्हायच्या जागी फुस्स झालं. "फुसका बार!" काका हसले आणि पुढच्या गोळीसाठी त्यांनी घोडा मागे ओढला. तेवढ्यात पंचाने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. त्या काडतुसात दारू भरायचीच राहिली होती आणि बुडाच्या टोपीच्या नुसत्या ठिणगीने ढकललेली गोळी नळीत अडकली होती. मागून दुसरी सुटली असती तर रिव्हॉल्व्हर काकांच्या हातातच फुटलं असतं. पंचाने नळीत दांडी घालून ठोकली, तशी गोळी टेबलावर टक्‌ करून पडली. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, काल तुम्ही दारू भरत होतात, तेव्हाच मी चहाला हाक मारली ना?" "आठवत नाही," काका म्हणाले. त्यानंतर काकूंनी तळघरात कधी हाक मारली नाही. चहाचा कप जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायच्या, तो तिथेच गार व्हायचा. अजूनही मुलं हसत दुसरा फटाका उचलतात, तेव्हा माझा हात आधी त्यांच्या मनगटाकडे जातो.