काण्या गाडीचा डोळा

मल्हारीच्या घरी मिस्त्री, वायरमन, मेकॅनिक यांपैकी कुणी पाहुणा म्हणून आला तर त्याला चहा मिळे. कामासाठी आला तर तो दारातूनच परत जाई. चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसानं घरातल्या कामाला बाहेरचा माणूस बोलवायचा म्हणजे नाक कापून घेणंच, असं त्याचं मत होतं. मिक्सर असो, नळ असो, शेजारणीची शिलाई मशीन असो, मल्हारी बाह्या सारून पुढं यायचा आणि म्हणायचा, "त्यात काय हाय?"

हे वाक्य कानावर पडलं की त्याची बायको पुतळाबाई निमूटपणे खालची सतरंजी उचलून ठेवायची. त्यानं दुरुस्त केलेला बैठकीतला पंखा बंद तरी असायचा, नाहीतर वादळासारखा फिरायचा. मधलं काही त्याला ठाऊकच नव्हतं. पाहुण्यांनी पदर सांभाळत, पेपरवर तांब्या ठेवून बसावं लागे. पण पंखा फिरत होता ना? मग झालं तर.

अशा माणसाकडं कंपनीतल्या एका साहेबाची जुनी मारुती आली, तेव्हा नक्षत्रवाडीच्या त्या गल्लीला करमणुकीची सोय झाली. बापजाद्यांनी मेंढरांमागं चालून चालून पाय झिजवले, त्या भावकीत चार चाकांची धनीण झालेली पहिली बाई म्हणजे मल्हारीची आई, बानाबाई. गाडी मल्हारीच्या नावावर होती, पण ती कधी निघायची आणि आधी कुठल्या देवाला जायची, ते बानाबाई ठरवायची.

त्या गाडीचा डावा दिवा एका संध्याकाळी गेला. गल्लीनं लगेच तिचं बारसं केलं: काणी. "आली बघा काणी," म्हणून पोरं बाजूला व्हायची. मल्हारी हसून सोडून द्यायचा. त्यानं दिवाळीपर्यंत तसंच रेटलंही असतं, पण तेवढ्यात मामाच्या मुलाचा फोन आला. मुंजाबामामाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा सगळा बाडबिस्तारा, वैजापूरच्या अलीकडं एका कांदेवाल्याच्या शेतात लेंडीखतासाठी बसला होता. दोन-चार दिवसांत तो उठून नगरकडं जाणार होता. आणि मामा आता थकला होता. पुढच्या साली तो मेंढरांबरोबर निघेल याची खात्री नव्हती.

बानाबाईनं गाठोडं बांधायला घेतलं. शेंगदाण्याचे लाडू, लसणाची चटणी, भावासाठी नवीन धोतर. मामा दिवसभर मेंढरांमागं रानात, तो वाड्यावर यायचा दिवस मावळल्यावरच. म्हणजे भेटायचं तर संध्याकाळीच जायचं आणि अंधारात परत यायचं. काण्या गाडीनं ते जमण्यासारखं नव्हतं. त्या रस्त्यावर एका दिव्याची मोटार समोरच्या ट्रकवाल्याला मोटारसायकल वाटते, आणि तो तेवढीच जागा सोडतो.

"त्यात काय हाय?" मल्हारी म्हणाला आणि मोंढा नाक्यावरच्या फय्याजभाईकडून हॅलोजनचा बल्ब घेऊन आला. फय्याजभाईनं देताना बजावलं होतं, "काँच कू उंगली नक्को लगाना. उंगली का तेल लगा तो गरम होके बल्ब बैठ जाता." मल्हारीला हे माहीत होतंच. त्यानं हातात धुतलेले सुती मोजे चढवले, बोनट उघडलं, मागची पिन ओढली, रबराची टोपी काढली, तारेची क्लिप बाजूला सारली आणि जुना बल्ब अलगद बाहेर घेतला. नवा बल्ब पत्र्याच्या कडेला धरून तो आत घालणार, एवढ्यात बानाबाई ओट्यावरून उतरली. घरात नवी वस्तू आली की तिच्यावर भंडारा पडणारच. तिनं डबीतली हळदीची चिमूट उधळली, "येळकोट" म्हणाली, मल्हारीनंही मान लववली. चिमूटभर भंडारा बल्बवर बसला. मल्हारीनं फुंकर मारली, उरलेला मोज्याच्या अंगठ्यानं चोळून टाकला आणि बल्ब बसवला. दिवा लागला, गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना काणी पुन्हा काणी झाली.

मल्हारी फय्याजभाईशी जाऊन भांडला. "आपण काचेला हात लावला नाय, आईची आण." फय्याजभाई म्हणाला, "कुछ तो लगा होंगा, मियाँ," आणि दुसरा बल्ब दिला. पुन्हा मोजे, पुन्हा टोपी, पुन्हा क्लिप, पुन्हा डबी आणि येळकोट. या वेळी मल्हारीनं खात्रीसाठी दिवे चालू ठेवून समोरच्या भिंतीवर उजेड पाडला आणि ओट्यावर चहा घेत बसला. चहा संपला, पान लावलं, आणि भिंतीवरचा अर्धा उजेड फट्‌दिशी नाहीसा झाला.

बानाबाई उठून आत गेली. थोड्या वेळानं पुतळाबाई बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "अवो, तुमच्या मायनं गाठोडं सोडलं. लाडू डब्यात भरून ठेवलेत."

मल्हारी आत गेला. आई देव्हाऱ्यापुढं पाय पसरून बसली होती.

"देवाच्या मनात नाय मल्हारी," ती म्हणाली. "मी जाऊ नये असंच हाय त्याच्या मनात. आपुन मेंढरं इकली तवा दादा म्हनला व्हता, देवाच्या नावाची एक तरी मेंढी ठिव. म्या तीबी इकली. इथं शहरात कुठं बांधू म्हनलं. तेव्हापासून वाड्यावर पाय ठेवला नाय. आता निघाले तर तो दिवाच इझवतोय."

"माय, बल्ब हाय तो. उद्या तिसरा आनतो."

"आन. पर तोबी गेला तर मी येनार नाय. मग मला कदी न्हेऊबी नको."

बहीणभावांचं हे इतकी वर्षं मनात धरून बसणं मल्हारीला ठाऊक नव्हतं. लग्नकार्यात भेटायचे, रामराम व्हायचा, जेवायचे. त्याला वाटायचं, सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि वाडा सोमवारी उठणार होता. मल्हारीनं सकाळीच तिसरा बल्ब आणला. मोजे चढवले, बोनट उघडलं. पण या वेळी ओट्यावर कुणी नव्हतं. आई बाहेर आली नाही, डबी आली नाही. बोनटखाली वाकलेल्या मल्हारीला चुकल्यासारखं वाटलं. नवा बल्ब बसवायच्या आधी त्यानं जळका बल्ब उन्हात धरून पाहिला. काच धुरकटली होती आणि एका जागी फोड आल्यासारखी फुगली होती. त्या फोडावर काहीतरी करपून बसलं होतं. त्यानं एक मोजा काढून नखानं खरवडलं. पिवळं निघालं.

तो बल्ब हातात धरून चाकाशेजारीच खाली बसला. बोट लागू नये, तेल लागू नये, धूळ लागू नये, सगळं त्यानं सांभाळलं होतं. भंडारा त्यानं कशात धरलाच नव्हता. भंडाऱ्याला घाण म्हणणारा माणूस त्यांच्या कुळात जन्मलाच नव्हता, मग तो हॅलोजनच्या काचेला चालत नसेल हे त्याच्या डोक्यात येणार कुठून?

आता आईला सांगायचं कसं? देव रागावला नाही, तुझ्या भंडाऱ्यानंच बल्ब जळाला, असं? हे तर आगीतून फुफाट्यात घालण्यासारखं होतं. गुपचूप बल्ब बसवावा, तर ती रस्ताभर दिव्याकडंच बघत बसणार, आणि पुन्हा कधीतरी तिची डबी बोनटखाली येणारच. जन्मात पहिल्यांदा मल्हारीला "त्यात काय हाय" म्हणता येईना.

शेवटी तो आत गेला आणि जळका बल्ब त्यानं आईच्या हातावर ठेवला.

"माय, देवानं काय बी केलं नाय. ह्यो भंडाऱ्यानं जळाला. काचेवर बसला, गरम झाला, करपला. माझी चूक हाय. मी पुसून टाकायला पायजे व्हता नीट."

पुतळाबाईनं स्वयंपाकघरातून डोकावलं आणि तिथंच थांबली. बानाबाईनं बल्ब डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला, फोडावरून नख फिरवलं, वास घेतला. वास हळदीचाच होता, जळक्या हळदीचा.

"ह्यो गाडीचा डोळा व्हय?"

"व्हय."

"आन तू भंडारा तिच्या डोळ्यात जाऊ दिला?"

मल्हारी हातातला उरलेला मोजा ओढून काढू लागला.

"येड्या, मेंढराला भंडारा कपाळाला लावत्यात," बानाबाई म्हणाली. "डोळ्यात घातला तर मेंढरू आंधळंच व्हईल, देव त्याला काय करील? येवढं शिकलास, कंपनीत मशिनी चालवतोस, आन मला सांगता यीना, माय, ह्यो डोळा हाय म्हनून?" तिचा आवाज चढला होता, पण चेहऱ्यावरचं सावट गेलं होतं. तिनं बल्ब बाजूला ठेवला आणि सुनेला हाक मारली. "पुतळे, लाडू आन इकडं. गाठोडं बांधायचंय."

मल्हारीनं तिसरा बल्ब बसवला, क्लिप लावली, टोपी चढवली, बोनट दाबलं. मग बानाबाई डबी घेऊन पुढं झाली आणि बोनटच्या बरोब्बर मध्यावर, दोन्ही दिव्यांच्या वर, अंगठ्यानं भंडारा लावला. गल्लीतल्या पोरांकडं तिनं असं पाहिलं की त्या दिवशी कुणी काणी म्हणालं नाही.

लासूर मागं पडलं तेव्हा दिवस मावळत होता. मल्हारीनं दिवे लावले. बानाबाई पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरचे दोन उजेड बघत राहिली आणि दोन्ही टिकून आहेत म्हटल्यावर लाडूंच्या चवीबद्दल बोलायला लागली.

कांदेवाल्याच्या बांधावर गाडी थांबली. मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरली होती, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी चालल्या होत्या. मुंजाबामामा काठी टेकत उजेडात आला. वाळला होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"लई वर्सं लावली बाने, यायला."

"गाडीचा डोळा गेला व्हता दादा," बानाबाई म्हणाली आणि पाया पडायला वाकली. मामानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता.

जेवणं झाली, निघायची वेळ आली. भाचा मोटार घेऊन वाड्यावर आला याचं मामाला फार कौतुक. त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली, मूठ भरली आणि गाडीच्या पुढं जाऊन डाव्या दिव्याकडं हात नेला. बानाबाईनं धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"डोळ्यात नको दादा. कपाळाला."

बाहेरच्या काचेला भंडाऱ्यानं काही होत नसतं, हे सांगायला मल्हारीनं तोंड उघडलं होतं. पण मामाची मूठ बोनटच्या मध्यावर टेकली होती, त्या मुठीवर आईचा हात होता, आणि दोघं एकदमच येळकोट म्हणत होती. मल्हारीनं तोंड मिटलं आणि मान लववली.